‘तो मला म्हणाला’चं इंग्रजी काय?

आठवीच्या वह्या तपासत होतो. विषय होता ‘माझा मित्र’. पहिल्या दहा-बारा वह्यांतच ‘ही सेड मी’ हे शब्द इतक्या वेळा आले की लाल पेन जवळजवळ आपोआप चालू लागलं. ‘सेड’वर काट, वर ‘टोल्ड’. पुढची वही. पुन्हा ‘सेड’वर काट, वर ‘टोल्ड’. ही दुरुस्ती मी बरीच वर्षं करत आलो आहे आणि पुढच्या वर्षी नवी मुलं तीच चूक नव्यानं करतात. बहुतेक इंग्रजी शिक्षकांचा अनुभव असाच असेल.

त्याच आठवड्यात एका मित्राकडे एक वेगळीच यादी पाहायला मिळाली. रुमानियातल्या मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी केलेली ती शब्दांची यादी होती. विषय ‘बोलणे’. एका बाजूला इंग्रजी शब्द, समोर रुमानियन अर्थ. आपल्या गाइडांमध्ये असते तशीच. रुमानियन मला येत नाही, पण शब्दकोश हाताशी घेऊन तासभर त्या यादीशी झटापट केली. तेव्हा आपण वह्यांमध्ये नेमकं काय चुकीचं दुरुस्त करतो आहोत, ते लक्षात आलं. चूक मुलाची होती, पण मी काट मारत होतो ती भलत्याच शब्दावर.

यादीची सुरुवात अशी होती. ‘से’ म्हणजे ‘आ स्पुने’ किंवा ‘आ झिचे’. ‘टेल’ म्हणजे ‘आ स्पुने’. ‘स्पीक’ म्हणजे ‘आ व्होर्बी’. ‘टॉक’ म्हणजेही ‘आ व्होर्बी’. (क्रियापदाआधीचं ‘आ’ हे इंग्रजीतल्या ‘टू’सारखं आहे. यापुढे ते गाळतो. ‘झिचे’मधला ‘झ’ हा ‘झरा’मधला, ‘झेंडा’मधला नव्हे.)

म्हणजे इंग्रजीत चार खण आणि रुमानियनमध्ये मुख्यतः दोन. ‘स्पुने’ आणि ‘झिचे’ यांत छटेचा फरक आहे, ‘झिचे’ जरा घरगुती, बोलीतला. पण ‘से’ आणि ‘टेल’ यांच्यातला फरक त्या दोघांत नाही. ‘त्यानं मला सांगितलं’ हे रुमानियन माणूस ‘मिया स्पुस’ असंही म्हणेल आणि ‘मिया झिस’ असंही. ही यादी पाठ केलेल्या मुलाला ‘से’ आणि ‘टेल’मधला फरक विचारला तर तो यादीकडे बोट दाखवील: दोन्ही ‘स्पुने’च की! मग तो ‘ही सेड मी’ लिहिणार नाही तर काय?

मराठीत किती खण आहेत? म्हणणं, सांगणं, बोलणं. तीन. ‘बोलणं’मध्ये ‘स्पीक’ आणि ‘टॉक’ दोन्ही मावतात, रुमानियन ‘व्होर्बी’मध्ये मावतात तसेच. पण ‘म्हणणं’ आणि ‘सांगणं’ ही जोडी ‘से’ आणि ‘टेल’ या जोडीच्या आश्चर्य वाटावं इतकी जवळ आहे. ‘टेल’चे दोन अर्थ पाहा. एक माहिती देणं, दुसरा हुकूम सोडणं. ‘ही टोल्ड मी टु गो’ म्हणजे त्यानं मला जायला सांगितलं. आपल्या ‘सांगणं’चेही नेमके हेच दोन अर्थ आहेत. गोष्ट सांगणं, खरं सांगणं, विनोद सांगणं, इथेही इंग्रजीत ‘टेल’च येतं. उलट प्रार्थना म्हणणं, पाढे म्हणणं इथे ‘से’. आपल्या मुलाला या बाबतीत रुमानियन मुलापेक्षा घरूनच जास्त शिदोरी मिळालेली आहे. तरीही चूक तीच होते, हे कोडं आहे.

कोड्याचं उत्तर क्रियापदात नाही, शेजारच्या चिमुकल्या ‘ला’मध्ये आहे. ‘तो मला म्हणाला’ आणि ‘त्यानं मला सांगितलं’ ही दोन्ही वाक्यं मराठीत शुद्ध आहेत आणि दोन्हींत ‘मला’ आहे. रुमानियनमध्येही ‘मिया’मधला ‘मि’ म्हणजे ‘मला’, आणि तोही दोन्ही क्रियापदांपुढे चालतो. इंग्रजीत मात्र ‘टेल’ला ऐकणारा थेट जोडता येतो आणि ‘से’ला तो ‘टु’ या शब्दाच्या मध्यस्थीनं जोडावा लागतो. ‘ही टोल्ड मी’, पण ‘ही सेड टु मी’.

आता वहीतलं वाक्य पुन्हा वाचा. मुलाच्या मनात ‘तो मला म्हणाला’ होतं. ‘म्हणाला’साठी त्यानं ‘सेड’ निवडलं. निवड बरोबर होती! राहिला तो एक ‘टु’. आणि आम्ही शिक्षक वर्षानुवर्षं त्याचा बरोबर आलेला शब्द खोडून राहिलेल्या शब्दाबद्दल चकार शब्द काढत नव्हतो. (पुढे ‘दॅट’ येणार असेल तर इंग्रज माणूस सहसा ‘टोल्ड मी दॅट’ म्हणणं पसंत करतो, हे खरं. पण तो आवडीचा भाग झाला. ‘सेड टु मी दॅट’ काही व्याकरणदुष्ट नाही.)

एरवी असा फरक समजावताना आपण ‘हा शब्द औपचारिक, तो अनौपचारिक’ असलं काहीतरी मोघम सांगून वेळ मारून नेतो. त्याऐवजी एक साधी चाचणी आहे. बोलण्याच्या कुठल्याही प्रसंगात चार गोष्टी असतात: बोलणारा, ऐकणारा, निरोप आणि ज्या भाषेत किंवा आवाजात तो निघतो ते माध्यम. रेने दिरव्हेन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९८२ साली याच चार इंग्रजी क्रियापदांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचा गाभा असा की प्रसंग एकच, पण प्रत्येक क्रियापद दिव्याचा झोत वेगळ्या जागी टाकतं. ‘स्पीक’चा झोत बोलणाऱ्यावर आणि त्याच्या भाषेवर. म्हणून ‘शी स्पीक्स तमिळ’; तिथे ती कोणाशी काय बोलते याची कोणी चौकशी करत नाही. ‘टॉक’चा झोत दोघांमधल्या देवघेवीवर. ‘से’चा निरोपावर. ‘टेल’चा निरोप आणि तो ज्याच्यापर्यंत पोचला त्याच्यावर. म्हणूनच ‘आय वॉज टोल्ड’ (मला सांगण्यात आलं) हे होतं आणि ‘आय वॉज सेड’ होत नाही. ‘से’च्या उजेडात ऐकणारा इतका मध्यभागी नसतोच, मग त्याला वाक्याचा कर्ता कसा करणार?

मराठीलाही हा फरक कळतो, पण ती तो दुसऱ्याच रीतीनं दाखवते. ‘तो म्हणाला’, ‘तो बोलला’, पण ‘त्यानं सांगितलं’, ‘त्यानं विचारलं’. भूतकाळात ‘म्हणणं’ आणि ‘बोलणं’ यांच्या कर्त्याला ‘नं’ लागत नाही, ‘सांगणं’ आणि ‘विचारणं’ यांच्या कर्त्याला लागतो. एरवी कर्म घेणाऱ्या क्रियापदाला ‘नं’ लागायला हवा: त्यानं आंबा खाल्ला. पण ‘तिनं गाणं म्हटलं’ आणि ‘ती गाणं म्हणाली’ अशी दोन्ही रूपं आपल्या कानावर येतात. वर्गात मुलांना विचारा, आणखी कोणती क्रियापदं अशी ‘नं’ टाळतात? शिकला, विसरला, समजला... यादी जमवायला मुलांना आवडतं, आणि आपण रोज वापरतो त्या भाषेत इतकं काही दडलेलं आहे याचं त्यांना नवल वाटतं. मुंबईकडे ‘तो मला बोलला की उद्या येतो’ असंही सर्रास ऐकू येतं. त्याला नाक मुरडण्याआधी एवढं लक्षात घ्यावं, की तिथे ‘बोलणं’नं ‘म्हणणं’चा खण व्यापला आहे, म्हणजे तीनाचे दोन होऊ लागले आहेत, रुमानियनसारखे.

रुमानियन ही भाषा आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही, म्हणून दोन शब्द. इ.स. १०६ मध्ये रोमन सम्राट त्राजान यानं डॅन्यूब नदीपलीकडचा दाचिया हा मुलूख जिंकला. रुमानियन ही त्या बाजूच्या लॅटिनची लेक. इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश या तिच्या बहिणी. पण त्या पश्चिमेला एकमेकींच्या शेजारी नांदल्या आणि ही पूर्वेला स्लाव, हंगेरियन, तुर्क आणि ग्रीक यांच्या शेजारात एकटी वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती लिहिलीही जात होती सिरिलिक लिपीत. आर्य कुळातली असून कानडी आणि तेलुगू यांच्या शेजारात वाढलेल्या मराठीची आठवण व्हावी, अशी ही कहाणी आहे. आणि ती कहाणी बोलण्याच्या शब्दांत स्वच्छ वाचता येते.

‘झिचे’ हे लॅटिन ‘दीकेरे’पासून आलं, ‘स्पुने’ हे ‘एक्स्पोनेरे’ म्हणजे ‘बाहेर मांडणं’ यापासून. ‘लिंबं’ म्हणजे जीभ आणि भाषाही. ते लॅटिन ‘लिंग्वा’. (शेवटचा उच्चार ‘असं’, ‘तसं’मधल्यासारखा. रुमानियन शब्दांच्या शेवटी हा स्वर इतक्या वेळा येतो की आपल्याला घरच्यासारखं वाटावं. भाषा शिकायला गेलेल्या मराठी माणसाला पहिल्याच दिवशी लिंबं दिसणार!) वचन देणं यासाठी ‘फगदुई’ हा शब्द हंगेरियनमधून आला. जिवाभावाच्या गप्पांना ‘ताइफास’ म्हणतात. त्याचं मूळ तुर्की ‘तायफा’ या शब्दात सांगतात, म्हणजे टोळी, मंडळी. हाच मूळचा अरबी शब्द आपल्याकडे ‘ताफा’ होऊन आला. तिकडे मंडळी गप्पांना बसली, इकडे ती मंत्र्यांच्या गाड्यांमागे धावते. आणि ‘दिस्कुता’, म्हणजे चर्चा करणं, हे फ्रेंचमधून. रुमानियनांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या लॅटिन वंशाची आठवण काढून फ्रेंच आणि इटालियनमधून शब्दांची मोठी आयात केली, त्यातलं ते एक.

खुद्द ‘व्होर्बी’चं मूळ मात्र वादग्रस्त आहे. बरेच जण ते एका स्लाव शब्दाशी जोडतात, ज्याचा संबंध दरबाराशी, दरबारच्या सेवेशी आहे. याला बळ देणारं एक उदाहरण शेजारीच आहे. ‘शब्द’ यासाठी रुमानियन शब्द ‘कुविन्त’ (‘वि’मधला स्वर आपल्याकडे नाही, जीभ मागे ओढून ‘इ’ म्हटल्यासारखा) हा लॅटिन ‘कॉन्व्हेन्तुम’पासून आला आहे. त्याचा अर्थ एकत्र जमणं, करार. म्हणजे आधी माणसं जमली, मग ठरलं, मग जे ठरलं ते बोल झालं, मग बोलाचा शब्द झाला. ‘मी शब्द देतो’ म्हणताना आपणही ‘शब्द’ याचा अर्थ ‘करार’ असाच करतो, फक्त प्रवास उलट दिशेनं.

इंग्रजीतही असेच थर आहेत. से, टेल, स्पीक, टॉक, आन्सर हे जुने, घरचे. डिस्कस, कन्व्हर्स, डिक्लेअर हे फ्रेंच-लॅटिन पाहुणे. मराठीत ‘म्हणणं’ हे संस्कृत ‘भण्’पासून झिजत आलं, ‘संवाद’ आणि ‘चर्चा’ ही सरळ संस्कृतमधून उचलली, ‘जबाब’ अरबीतून आणि ‘जबानी’ फारसीतून आली. घरी आपण म्हणतो, सांगतो, बोलतो. पोलीस ठाण्यात जबाब देतो. कोणत्या शेजाऱ्याशी आपला कुठल्या कामापुरता संबंध आला, ते अशा शब्दांवरून कळतं.

‘जबाब’ शब्द निघालाच आहे तर एक गंमत सांगायला हवी. ‘आन्सर’ याचे जुन्या इंग्रजीतले दोन तुकडे आहेत: ‘अँड’ म्हणजे विरुद्ध (आजचं ‘आणि’ अर्थाचं ‘अँड’ नव्हे) आणि ‘स्वेअर’ म्हणजे शपथ घेणं. आरोपाविरुद्ध घेतलेली शपथ, ते उत्तर. रुमानियन ‘रस्पुन्दे’ हे लॅटिन ‘रेस्पोन्देरे’, त्यात ‘स्पोन्देरे’ म्हणजे वचन देणं. उलट दिलेलं वचन. दोन वेगळ्या घराण्यांतले शब्द, पण दोघांच्या पोटात शपथ आहे. आणि दोन्हींचा पुढचा अर्थही एकच: ‘आन्सर फॉर’ म्हणजे एखाद्या गोष्टीची जबाबदारी घेणं, ‘रस्पुन्दे’ म्हणजेही तेच. आपली ‘जबाबदारी’ कुठून आली हे आता सांगायला नको. ‘उत्तरदायित्व’ हा संस्कृत वळणाचा शब्दही त्याच साच्यातला. वर्गात ‘उत्तर दे’ म्हणून आपण दरडावतो तेव्हा मुलाला जरा आरोपीसारखं वाटतं, ते उगाच नसावं!

‘टेल’चा मूळ अर्थ होता मोजणं. बँकेत पैसे मोजून देणारा ‘टेलर’ त्याच ‘टेल’मधला, कपडे शिवणाऱ्या ‘टेलर’शी त्याचा काही संबंध नाही. जर्मनमध्ये मोजणं आणि गोष्ट सांगणं ही आजही सख्खी क्रियापदं आहेत, ‘त्सेलेन’ आणि ‘एर्त्सेलेन’. गोष्ट सांगणं म्हणजे घडलेलं एकामागून एक मांडणं, मण्यांसारखं मोजत जाणं. ‘से’ला हा क्रम लागत नाही, ‘टेल’ला लागतो. ‘से अ स्टोरी’ का चालत नाही याचं हे कारण म्हणता येणार नाही, पण लक्षात ठेवायला आधार मात्र उत्तम.

आणखी एकच शब्द, कारण तो शाळेचा आहे. रुमानियनमध्ये उच्चारणं याला ‘रोस्ती’ म्हणतात. त्यातला ‘रोस्त’ म्हणजे पूर्वी तोंड, आणि तो आला लॅटिन ‘रोस्त्रुम’ म्हणजे चोच यापासून. रोमन लोक जहाजाच्या पुढच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या टोकदार भागालाही चोचच म्हणत. इ.स.पू. ३३८ मध्ये आन्तियुम जिंकल्यावर त्यांनी शत्रूच्या जहाजांच्या चोची आणून रोममधल्या भाषणाच्या ओट्याला लावल्या. तेव्हापासून त्या ओट्यालाच ‘रोस्त्रा’ म्हणू लागले आणि इंग्रजीत व्यासपीठाला आजही ‘रोस्ट्रम’ म्हणतात. तर ‘पे दे रोस्त’ या रुमानियन प्रयोगाचा अर्थ काय? तोंडपाठ! इंग्रज मुलगा कविता हृदयात साठवतो (‘बाय हार्ट’), मराठी आणि रुमानियन मुलगा तोंडात.

यादीच्या दुसऱ्या पानावर आवाजाचे शब्द होते. ‘व्हिस्पर’ समोर ‘शोप्ती’, ‘मंबल’ समोर ‘मोर्मई’, ‘स्टॅमर’ समोर ‘बिल्बिई’. हे मोठ्यानं वाचून पाहा. अर्थ न सांगताही निम्मा अर्थ कळतो. फेर्दिनाँ द सोस्यूर यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी भाषाशास्त्राला एक पक्कं सूत्र दिलं, की शब्द आणि अर्थ यांचं नातं निव्वळ रूढीचं असतं. झाडाला झाड म्हणण्यात झाडाचं काही नाही. मग या शब्दांचं काय?

हात कंठावर ठेवा आणि ‘सऽऽऽ’ असा आवाज काढा. बोटांना काही जाणवत नाही. आता ‘मऽऽऽ’ म्हणा. कंप जाणवतो. कंठातल्या स्वरतंतूंचा हा कंप. साधारण पुरुषाच्या बोलण्यात सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, स्त्रीच्या बोलण्यात सुमारे दोनशे वेळा. कुजबुजताना हा कंप थांबतो. स्वरतंतूंमधल्या फटीतून हवा घासत जाते आणि नुसता खरखरीत सळसळता आवाज उरतो. ‘स’, ‘श’, ‘प’, ‘त’ यांचे उच्चार मुळातच कंपाशिवायचे. ‘व्हिस्पर’मध्ये ‘स’ आणि ‘प’, ‘शोप्ती’मध्ये ‘श’, ‘प’, ‘त’, लॅटिनमध्ये ‘सुसुर्रुस’, आपल्याकडे ‘खुसुरपुसुर’. शब्द ज्या क्रियेचं नाव आहे, तीच क्रिया तो तोंडाकडून थोडी करून घेतो. ‘मंबल’, ‘मर्मर’, ‘मोर्मई’ यांत ओठ मिटतात, कारण पुटपुटणारा माणूस तोंड पुरतं उघडत नाही.

पण नियम करायची घाई नको. ‘कुजबुज’मध्ये ‘ज’ आणि ‘ब’ आहेत, दोन्ही कंपाचे. सोस्यूर यांनीही अशा शब्दांचा विचार केला होता. ते थोडे असतात आणि रूढीच्या चाकोरीतून फिरून बदलतात, असं त्यांचं म्हणणं होतं. ते बरोबरच आहे, नाहीतर जगभर कुजबुजीला एकच शब्द असता.

यावर वर्गात करण्याजोगा प्रयोग आहे. पारा–बारा, तार–दार, काल–गाल अशा जोड्या चिठ्ठ्यांवर लिहा. एका मुलानं चिठ्ठी उचलून तो शब्द कुजबुजत म्हणायचा, पाच-सहा पावलांवरच्या मुलांनी ऐकलेला शब्द लिहायचा. ‘प’ आणि ‘ब’ यांच्यातला मुख्य फरक कंपाचाच असल्यामुळे भरपूर चुका होतात. तरी सगळीच उत्तरं चुकत नाहीत. ओठ उघडल्यावर सुटणाऱ्या हवेचा जोर, उच्चाराची लांबी अशा बारीक खुणा शिल्लक असतात आणि कान त्या पकडतो. नंतर तेच शब्द पूर्ण वाक्यात कुजबुजायला सांगा: ‘दार लाव’. आता फारसं कोणी चुकत नाही. नोंदींचा तक्ता मुलांनाच करू द्यावा.

‘बिल्बिई’च्या घराण्यात मात्र जरा थांबायला हवं. लॅटिन ‘बाल्बुस’ म्हणजे तोतरा, इंग्रजी ‘बॅबल’, ग्रीक ‘बार्बारोस’, संस्कृत ‘बर्बर’, मराठी ‘बडबड’ आणि ‘बोबडा’. तान्ह्या मुलाला ओठांचे ‘ब’ आणि ‘म’ लवकर जमतात, तेच पुन्हा पुन्हा म्हणण्याची ही नक्कल. पण ग्रीकांनी ती आपली भाषा न बोलणाऱ्या सगळ्यांना लावली आणि ‘बार्बारोस’ म्हणजे परका, मग रानटी झाला. ज्याचं बोलणं आपल्याला कळत नाही तो ‘बर्बर’. वर्गात एखादं मूल अडखळत बोलतं आणि कोणीतरी त्याला ‘बोबड्या’ म्हणतं, तेव्हा तोच खेळ लहान प्रमाणावर चालू असतो. हे शब्द नकलेतून जन्मतात, म्हणून ते चिडवायला फार सोयीचे असतात.

आता त्या यादीत नसलेला एक शब्द. शब्दकोश चाळताना तो सापडला आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो: ‘चिकं’. ‘झिचे कं’, म्हणजे ‘म्हणतात की’, हे भरभर म्हणता म्हणता आखडून ‘चिकं’ झालं. तो वाक्यात घातला की अर्थ होतो: हे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे, आणि त्याची हमी मी घेत नाही. आपल्याला हे समजायला क्षणही लागत नाही, कारण आपल्याकडे ‘म्हणे’ आहे. ‘त्याला नोकरी लागली म्हणे.’ तेही ‘म्हणणं’मधूनच निघालेलं. दोन भाषा, एकमेकींशी कधी गाठ पडली नाही, आणि दोघींनीही ‘म्हणणं’ झिजवून एकच हत्यार तयार केलं. त्या हत्यारात थोडी शंका, कधी थोडा टोमणाही असतो. ‘मोठा विद्वान आहे म्हणे!’

भाषाशास्त्रात अशा खुणांना ज्ञानाचा उगम सांगणाऱ्या खुणा मानतात. मी पाहिलं, मी ऐकलं, मी अंदाज केला, यांतलं काय, हे त्या सांगतात. काही भाषांत क्रियापदाला अशी खूण लावल्याशिवाय वाक्य पुरंच होत नाही; तुर्कीत भूतकाळाची दोन रूपं आहेत, पाहिलेल्याचं वेगळं आणि ऐकलेल्याचं किंवा खुणांवरून ताडलेल्याचं वेगळं. इंग्रजीत ‘म्हणे’च्या तोडीचा असा एक चपखल, छोटा शब्द नाही. ‘दे से’, ‘आय हिअर’, ‘अपॅरन्टली’ असं काहीतरी जुळवावं लागतं, आणि जुळवताना ते गळून जाण्याची भीती असते.

गळालं तर काय बिघडतं? आज उपलब्ध असलेलं, तारीख ठरवता येईल असं सर्वांत जुनं रुमानियन लिखाण म्हणजे १५२१ सालचं एक पत्र आहे. किंपुलुंग गावच्या न्याक्शू नावाच्या माणसानं ते ब्राशोव्हच्या नगराध्यक्षाला सिरिलिक लिपीत लिहिलं. सुरुवातीचे आणि शेवटचे रिवाजाचे शब्द स्लाव भाषेत, मधला मजकूर रुमानियनमध्ये. मजकूर तातडीचा होता: तुर्कांची फौज निघाली आहे, जहाजं डॅन्यूबमधून वर सरकत आहेत. त्याच उन्हाळ्यात तुर्कांनी बेलग्रेड घेतलं. हे पत्र लिहिताना न्याक्शू एक काळजी घेतो. सुलतान सोफियाहून निघाल्याचं आपण ऐकलं आहे, असं तो नोंदवतो. जहाजांबद्दल मात्र निकोपोलहून आलेल्या एका माणसानं ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं आपल्याला सांगितलं, असं वेगळं लिहितो. हे ‘सांगितलं’ म्हणजे आपलं ‘स्पुने’च. वेशीची दारं बंद करायची की नाही हे ठरवणाऱ्या माणसाला या दोन बातम्यांतला फरक कळायलाच हवा होता.

आपल्याकडे कोर्टात साक्षीदार मराठीत बोलतो आणि वरच्या कोर्टात त्याचं इंग्रजी वाचलं जातं. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा, पाहिलेल्या गोष्टीबद्दल पाहणाऱ्यानंच सांगावं, हे तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होतं आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. ‘तो रात्री तिथे गेला होता म्हणे’ यातलं ‘म्हणे’ भाषांतरात पडलं, तर ऐकीव गोष्ट पाहिलेली होऊन बसते. दोन अक्षरं.

यंदा मी आठवीच्या वर्गात ‘सेड’वर काट मारणं बंद केलं आहे. ‘सेड’नंतर एक छोटी खूण करतो आणि मुलं स्वतः ‘टु’ घालतात. पुढच्या तासाला फळ्यावर लिहिलं: ‘उद्या सुट्टी आहे म्हणे.’ याचं इंग्रजी करा.

पहिल्या बाकावरून आलं: ‘टुमॉरो इज हॉलिडे.’ लगेच मागून कोणी तरी ओरडलं, “अरे, मग तर नक्कीच झाली की सुट्टी!” मग ‘सर सेड’, ‘समबडी टोल्ड’, ‘पीपल आर सेइंग’ अशी उत्तरं येत गेली. सगळी फळ्यावर लिहिली. यांतल्या कोणत्या वाक्यावर विसंबून तुम्ही उद्या दप्तर न भरता झोपाल, असं विचारलं, तर त्यावर वाद सुरू झाला. ‘सर सेड’ला सर्वांत जास्त मतं पडली. मग एका मुलीनं विचारलं, “पण सर, कोण सर म्हणाले?”

तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली.